पहिलं घड्याळ आजोबांचं नको

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. चावीचं घड्याळ घरी उघडून दुरुस्त करायचा प्रयत्न प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावा, असं माझं मत आहे. आणि ते घड्याळ आजोबांचं नसावं, हेही माझं तितकंच ठाम मत आहे. एकीकडे 'करा' म्हणायचं आणि दुसरीकडे 'हात लावू नका' म्हणायचं, हे काय गौडबंगाल? तेच सांगायला हा शनिवार खर्ची घातलाय :-)

विषय निघायचं कारण म्हणजे सध्या आलेली लाट. ऑफिसात तीन-चार जणांच्या मनगटावरून स्मार्टवॉच उतरलं आणि तिथे एचएमटी आलं. कुणाला ते आईच्या कपाटात सापडलं, कुणाला काकांनी दिलं. बहुतेक सगळी बंद. मग रविवारी दुपारी यूट्यूब उघडायचं, सातशे-आठशे रुपयांचा 'वॉच रिपेअर किट' मागवायचा आणि जेवणाच्या टेबलावर घड्याळाचं पोट फाडायचं! व्हिडिओत तो गोरा माणूस अठरा मिनिटांत सगळं खोलून परत जोडतो. त्याच्या हातामागे वीस वर्षं आहेत, हे त्या अठरा मिनिटांत दिसत नाही.

आमचं गाव करडी. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. धानाचा मुलूख. आमच्या घरी जे घड्याळ आहे ते एचएमटी जनता. आजोबांनी एका बऱ्या हंगामानंतर घेतलेलं. रोवणीच्या दिवसांत ते मनगटावरून उतरून कोनाड्यात जायचं, कारण चिखल आणि घाम यांच्याशी त्याचं जमत नसे. एरवी लग्न, तहसील, दवाखाना, सगळीकडे ते सोबत. आजोबा गेले त्यानंतर कधीतरी ते थांबलं. रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या डब्यात ते पंधरा वर्षं पडून होतं. माझ्याइतकं तुमच्याही घरात असणार, म्हणून हे इतकं तपशिलात सांगतोय.

कारण हे घड्याळ सगळ्यांचंच होतं. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ सालची. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून तिने बंगळूरमध्ये घड्याळांचा कारखाना काढला आणि १९६३ मध्ये पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन... काहींच्या तबकडीवर तर चक्क देवनागरी आकडे. पुढे क्वार्ट्झ आलं. सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ ला जपानमध्ये विकायला काढलं होतं. आपल्याकडे तो धक्का ऐंशीच्या दशकात टायटनने दिला. चावी द्यायची कटकट गेली, आणि हळूहळू एचएमटीही गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

हा इतिहास सांगायचं कारण भावनिक नाही, हिशेबी आहे. ज्या कारखान्यात तुमच्या आजोबांच्या घड्याळाचे भाग बनत होते तो आता ते बनवत नाही. म्हणजे बाजारात जे सुटे भाग आहेत ते एक तर जुना साठा, नाही तर दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलेले. तुमच्या हातून एक नाजूक दांडी वाकली की कुठेतरी दुसरं एक घड्याळ तिच्यासाठी कापलं जाणार. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे बॅकअप नाही, अनडू नाही, आणि थेट प्रॉडक्शनवर काम चाललंय. शहाणा इंजिनियर असं कधी करतो का? आपण आधी टेस्ट सर्व्हरवर करून बघतो. घड्याळाचाही टेस्ट सर्व्हर असतो. जुन्या बाजारात मेलेलं एचएमटीचं मशीन चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतं. मी तेच घेतलं. आजोबांचं डब्यातच ठेवलं.

आता या यंत्रात आहे काय? कल्पना अगदी साधी आहे. चावी दिली की डबीतली कमान आवळली जाते. तिला उलगडायची घाई असते. ती घाई तीन-चार चक्रांमधून पुढे जाते: एक चक्र तासाला एक फेरी मारतं, त्यावर मिनिटकाटा; दुसरं मिनिटाला एक फेरी, त्यावर सेकंदकाटा. या साखळीच्या शेवटी पंधरा दातांचं एक चक्र असतं आणि त्याच्या वाटेत दोन हातांचा एक पहारेकरी उभा असतो. तो एका वेळी अर्धा दात सोडतो. पहारेकऱ्याला हुकूम देतं बॅलन्स व्हील, जे केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागे-पुढे झुलत असतं. जनतासारख्या घड्याळात हे तासाला १८,००० वेळा होतं. म्हणजे सेकंदाला पाच टिक, दिवसाला ४,३२,०००, वर्षाला पंधरा कोटी शहात्तर लाखांच्या वर. आणि हे सगळं बॅटरीशिवाय, सकाळी आजोबांनी बोटाने दिलेल्या चावीवर!

अचूकतेचं म्हणाल तर दिवसाला तीस सेकंद मागे-पुढे होणाऱ्या घड्याळाला आपण 'चुकतं' म्हणतो. आता हिशेब करा. दिवसात ८६,४०० सेकंद. तीस सेकंदांची चूक म्हणजे ०.०३५ टक्के. आपण क्लायंटला ९९.९ टक्के अपटाइमचं वचन देतो तेव्हा दिवसाला ८६ सेकंद बंद पडायची सवलत मागून घेतलेली असते, आणि त्यासाठी रात्री-बेरात्री फोन घेऊन तीन-तीन शिफ्ट बसलेल्या असतात. आजोबांचं जनता या बाबतीत आमच्या अख्ख्या टीमला भारी पडतं. (हे मॅनेजरला सांगू नका.)

घरच्या प्रयत्नाचा पहिला फायदा हा, की झाकण उघडण्याआधीच अर्धं निदान करता येतं. हे मी सहा वीकेंड त्या मेलेल्या मशीनवर घालवल्यावर शिकलो आणि ते कुणालाही जमेल.

एक, घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळतंय का? मग मशीन बिघडलेलं असेलच असं नाही. बहुधा ते चुंबकित झालंय. फोनचा स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, इयरफोनची डबी, सगळीकडे चुंबक आहेत. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावायला लागतं. साधं होकायंत्र जवळ नेलं की सुई हलते का ते बघा. चुंबकत्व घालवायचं यंत्र स्वस्तात मिळतं आणि काम काही सेकंदांचं असतं. इथे पेचकस लागतच नाही.

दोन, पूर्ण चावी बसलेली आहे आणि घड्याळ बंद आहे. हलकेच गोल फिरवलं की पाच-दहा सेकंद चालतं आणि परत थांबतं. हे तेल वाळल्याचं लक्षण. घड्याळाचं तेल चार-पाच वर्षांत घट्ट व्हायला लागतं. पंधरा वर्षांत त्याचा डिंक होतो. अशा घड्याळाला जोरजोरात हलवून 'चालू' करू नका. वाळलेल्या तेलात दांड्या फिरल्या की झिजतात.

तीन, काचेच्या आतून वाफ धरलीये का? मग आत पाणी गेलंय आणि आज गंज धरतोय. हे घड्याळ 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणून ठेवण्यातलं नाही. याच आठवड्यात घड्याळजीकडे न्या.

चौथी गोष्ट ऐकण्याची. फोनच्या मायक्रोफोनवर टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे जातं ते सांगणारी अॅप्स आहेत. संगणकासाठी टीजी नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे, तो आलेखही काढून देतो. दोन सरळ, एकमेकींना चिकटून जाणाऱ्या रेघा म्हणजे प्रकृती उत्तम. रेघा फाकल्या म्हणजे झोका एका बाजूला कललेला. पूर्वी जे यंत्र फक्त चांगल्या दुकानात असायचं ते आता खिशात आहे.

आणि एक काम अजिबात करू नका. तबकडी खरवडू नका. १९६० च्या आधीच्या, अंधारात चमकणाऱ्या घड्याळांवर कित्येकदा खरं रेडियम असतं. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, आणि त्याची धूळ फुप्फुसात जायला नको. आपण गाडीवरच्या चमकत्या स्टिकरलाही 'रेडियम'च म्हणतो, म्हणून त्या शब्दाची भीती गेलीये. अमेरिकेत १९२० च्या दशकात तबकड्या रंगवणाऱ्या मुली या रेडियमने मेल्या होत्या.

आता मशीन उघडण्याबद्दल. क्रम असा: आधी कमानीतला जोर हळूच सोडायचा, मग काटे, मग तबकडी, मग बॅलन्स, मग पहारेकरी, मग चक्रांवरचा पूल आणि चक्रं. प्रत्येक पायरीला फोटो. प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत. हे पाठ होतं. पाठ होत नाही तो हात. चिमट्याने किती दाब द्यायचा हे कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही. थोडा कमी दिला तर भाग पडतो, थोडा जास्त दिला तर तो पाखरासारखा उडतो आणि मग घरातले सगळे जमिनीवर टॉर्च घेऊन पालथे. मेलेल्या मशीनवर हा खेळ परवडतो.

याच टप्प्यावर मला एक गोष्ट कळली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं मोल तिच्यात आहे.

यूट्यूबवरचे लोक आपल्या गावाकडच्या घड्याळजींना हसतात. का, तर ते मशीन वाटीभर पेट्रोलमध्ये धुतात. शौकीन माणूस आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, ते स्वच्छ, शास्त्रशुद्ध वगैरे. आता गंमत बघा. त्या पहारेकऱ्याच्या दोन हातांत दोन बारीक माणकं असतात. (कृत्रिम माणकं. घड्याळावर 'सतरा ज्वेल्स' लिहिलेलं असतं ती हीच. सोनाराकडे नेऊ नका, काही मिळणार नाही.) ही माणकं जागच्या जागी कशाने धरून ठेवलेली असतात? लाखेने! लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम या झाडांवर जी राळ सोडतो, तीच शुद्ध केलेली. पळसाला तर आमच्या पूर्व विदर्भात तोटा नाही. स्वित्झर्लंड असो की जपान, जगभरच्या घड्याळांच्या काळजात हाच लाखेचा ठिपका. आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पेट्रोलमध्ये नाही. म्हणजे अल्कोहोलमध्ये पहारेकरी भिजत ठेवणाऱ्या शौकिनाची माणकं सैल होऊ शकतात, आणि वाटीभर पेट्रोलवाल्याची होत नाहीत. पेट्रोल भडकतं, त्याचा वास वाईट, मागे थोडा थर राहतो, हे सगळं खरं. घरी तुम्ही ते वापरू नका. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या वाटीमागे शहाणपण होतं, ते आपल्याला दिसलं नाही इतकंच.

आजोबांचं घड्याळ घेऊन मी तुमसरच्या एका घड्याळजींकडे गेलो. काचेची पेटी, एक दिवा, डोळ्याला भिंग. मी माझं निदान सांगितलं. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, चावीला अर्धा आटा दिला, परत कानाला लावलं.

"बरोबर हाये तुमचं. तेलच वाळलं. खोललं तर नाही ना बाबू?"

"नाही काका. दुसरं खोलून शिकलो."

"मंग ठीक. लोक खोलून आणतात आन् म्हणतात, जोडून द्या. घड्याळ दुरुस्त करायला दोन तास, आन् लोकांनी केलेलं दुरुस्त करायला दोन दिवस."

कामाचे त्यांनी तीनशे रुपये सांगितले. खोलणं, धुणं, तेल, जोडणं, वेळ लावणं, सगळ्याचे मिळून तीनशे. मी मनात हिशेब केला. हेच काम मेलेल्या मशीनवर मला सहा वीकेंड लागले होते, आणि ते पूर्ण झालंय असं अजूनही म्हणवत नाही. तेलाचा थेंब किती? माणकाच्या खळगीत नुसता दिसेल न दिसेल इतका. कमी पडला तर झीज, जास्त झाला तर तो पसरून हेअरस्प्रिंगपर्यंत जातो आणि सगळं ठप्प. तो अंदाज त्यांच्या मनगटात चाळीस वर्षांपासून आहे. त्यांचा मुलगा शेजारीच मोबाईल दुरुस्तीला बसतो. त्याला दोष कसा द्यायचा? मोबाईलची काच बदलायला लोक दोन हजार सहज देतात. घड्याळाला तीनशे म्हटलं की म्हणतात, "एवढ्यात नवीन येतं."

इथे आपला, म्हणजे आपल्या पिढीचा संबंध येतो. शुक्रवारी रात्री पिझ्झ्यावर हजार-बाराशे घालवणारे आपण घड्याळजीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि दुसरीकडे आजोबांच्या आठवणींवर हळव्या पोस्ट टाकतो. ज्याने स्वतः एकदा ते मशीन खोलून बघितलंय, तो घासाघीस करू शकत नाही. त्याला कळलेलं असतं की समोरचा माणूस काय करतोय. घरच्या प्रयत्नाचं खरं फळ चालू झालेलं घड्याळ नसून हे कळणं आहे.

काही जण म्हणतील, एवढं कौतुक करतोस, पण सगळे घड्याळजी काही असे नसतात. मान्य. नुसतं पेट्रोल शिंपडून 'सर्व्हिस केली' म्हणणारे आहेत. चांगला भाग काढून हलका घालणारेही आहेत. आणि आपल्या मुंबईच्या नावाने तर जगभरच्या घड्याळ-शौकिनांत एक शिवीच तयार झालीये: 'मुंबई स्पेशल'. जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली भडक तबकडी, कुठले तरी काटे, कुठली तरी चावी, आणि 'अस्सल विंटेज' म्हणून इंटरनेटवर विक्री. त्या नावाने मला वाईट वाटतं, पण यावरचा उपायही तोच आहे. ज्याने एक मशीन उघडून बघितलंय त्याला तबकडीवरचा ताजा रंग आणि आतला जुना गंज यांचा मेळ बसत नाही हे दिसतं. घड्याळजीने परत दिलेलं घड्याळ त्याला तपासता येतं. चांगल्याला चांगलं म्हणायचं असेल तर वाईट ओळखता आलं पाहिजे, आणि दोन्हीसाठी थोडे हात काळे करावे लागतात.

दुसरा आक्षेप: दुरुस्तीचा हक्क वगैरे आता सरकारनेच मान्य केलाय ना? हो, केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यासाठी निवडली होती. चांगलंच आहे. पण हक्क मिळून उपयोग काय, जर भागच नसतील? परदेशातही हेच रडगाणं आहे. स्विस स्वॉच ग्रुपने २०१५ च्या अखेरीस घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणं बंद केलं आणि स्वतंत्र घड्याळजी अडकले. आपल्याकडे तर कारखानाच बंद. अशा वेळी दुरुस्तीचा हक्क जिवंत राहतो तो दोनच ठिकाणी: जुन्या भागांच्या डब्यांत आणि ते भाग ओळखणाऱ्या डोळ्यांत. डबे आणि डोळे, दोन्ही त्या काचेच्या पेटीमागे बसलेत आणि म्हातारे होताहेत.

म्हणून माझा सल्ला, क्रमाने. आजोबांचं घड्याळ डब्यात राहू दे, पण चावी देऊन बघू नका. एक मेलेलं मशीन घ्या. भिंग आणि दोन चांगले चिमटे यांवर पैसे घाला, बाकीचा किट फुकट आहे. महिनाभर खोला, जोडा, परत खोला. हेअरस्प्रिंग आणि तेलापाशी आलात की थांबा आणि घड्याळजी शोधा. जवळच्या तालुक्याला विचारा, एखादा तरी असतोच. त्याला निदान सांगा, त्याचं मत ऐका, त्याने सांगितलेले पैसे द्या. वर, निरुपयोगी झालेले तुमचे सुटे भाग त्याच्या डब्यात टाका. ते तिथे तुमच्या ड्रॉवरपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

आणि काम झालं की मागचं झाकण आतून बघायला मागा. जुने घड्याळजी तिथे सुईने बारीक खूण करून ठेवतात: कधी उघडलं, कुणी उघडलं. आमच्या जनताच्या झाकणात अशा तीन खुणा निघाल्या, तीन वेगळ्या हातांच्या. चौथी तुमसरच्या काकांनी माझ्यासमोर केली. त्यातली पहिली कुणाची, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्या उस्तादाची होती.